गोकूशास्त्री

माळशिरसच्या एसटी स्टँडसमोर किंवा मोबाईलच्या एखाद्या दुकानाच्या पायरीवर दोन पोरं मान खाली घालून बसलेली असतील आणि तिसरा मान वर करून बोलत असेल, तर तो तिसरा गोकूशास्त्री समजावा. वय सोळा ते सव्वीस. कॉलेज चालू, किंवा आयटीआय होऊन घरी. स्वतः खेळतो त्याहून दुसऱ्याच्या खेळावर निरूपण जास्त. “आरं लका, फ्रीझा असा मरत न्हाय. खऱ्यात न्हाय मरत!”

खऱ्यात म्हणजे गोकू ज्याचा नायक त्या ‘ड्रॅगन बॉल’ कार्टून मालिकेत. गेम त्या मालिकेवर बेतलेले, म्हणून ते दुय्यम. माळशिरस दोन्हीत नाही, म्हणून ते हिशेबातच नाही. मालिका जपानात 1986 साली सुरू झाली आणि त्याच वर्षी तिच्यावरचे गेमही निघाले, हे तो तुम्हाला न विचारता सांगतो. गेल्या वर्षीच्या एफवायबीएच्या विषयांची नावं मात्र त्याला आठवून सांगावी लागतात.

गंमत अशी, की एवढा कर्मठ माणूस दिवसरात्र खेळतो तो ‘शिन बुडोकाई 2’. हा 2007 चा गेम सोनीच्या पीएसपी नावाच्या हातातल्या यंत्रासाठी केलेला. ते यंत्र शास्त्रीबुवांनी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. फोनमधलं एक ॲप त्या यंत्राचं सोंग घेतं आणि गेम मित्राच्या मेमरी कार्डातून येतो. त्या कार्डात कुठून आला, हे विचारू नये. काचेला तडा गेलेला, पडद्यावर डाव्या अंगठ्याच्या जागी तेलकट ठसा, आणि अर्ध्या तासात पाठीमागून चपाती भाजावी इतका तापणारा तो फोन. बरं, या गेमची कथा मालिकेत कुठेच घडत नाही. हे निदर्शनास आणलं, की शास्त्रीबुवा चहा मागवतात.

घरी त्याचं पाच मिनिटांचं वेगळं पंचांग आहे. मालिकेतला खलनायक फ्रीझा सांगतो, की हा ग्रह पाच मिनिटांत फुटणार. मग ती पाच मिनिटं भागांमागून भाग चालतात. आई दळणाचा डबा पुढ्यात ठेवते. “पाच मिनिटात जातो.” गिरणी बंद होते, ग्रह शाबूत असतो.

थंडीत शेतीपंपाची लाईट रात्रीची. बापानं उसाला पाणी द्यायला पाठवावं, तर हा मोटर चालू करून बांधावर बसतो, कानात हेडफोन. लढाईआधी गोकू किंचाळत अंगात शक्ती भरतो; त्याच्याबरोबर हाही किंचाळतो. शेजारच्या वस्तीवरचे लोक बॅटरी घेऊन पळत आले, पोराला इंचू चावला म्हणून. तोवर दंड फुटून पाणी चुलत्याच्या वावरात. चुलत्याशी बोलणं आधीच बंद होतं, म्हणून भांडण तेवढं टळलं.

त्याचा खरा परीक्षक म्हणजे आबा. आबांनी जत्रेतल्या कुस्त्या मारलेल्या. ते फोनमध्ये डोकावले आणि म्हणाले, “ह्ये पैलवान वरच्या वर का लढत्यात? माती कुठाय?” शास्त्रीबुवांनी नव्या गेमचा दाखला दिला. ऑक्टोबर 2024 मध्ये ‘स्पार्किंग झिरो’ आला, त्यात सुरुवातीलाच 182 लढवय्ये. आबा खूश झाले. मग कळलं, की त्यातले कितीतरी नुसते गोकूच. छोटा गोकू, पिवळ्या केसांचा गोकू, निळ्या केसांचा गोकू.

“माणूस एकच ना? मग मतदार यादीत नाव एकदाच यायला पायजे,” आबा म्हणाले.

त्यावर त्यानं ‘डोक्कान बॅटल’ उघडला. 2015 चा हा गेम फुकट मिळतो. पण चांगला लढवय्या हवा तर रत्नं टाकून नशीब आजमावायचं आणि रत्नं संपली की खरे पैसे भरायचे. आबांनी चष्मा पुसला. “म्हणजे मटका. ओपन कवा, क्लोज कवा?” त्या प्रश्नाला आजवर कुणीच उत्तर दिलेलं नाही.

शास्त्रीबुवांशी एकदा ज्ञानाची देवाणघेवाण करावी म्हणून मीही सांगून पाहिलं. गोकू हा मुळात चिनी कादंबरीतल्या वानरराजावरून घेतलेला. तो वानरराजा एका भिक्षूला भारतापर्यंत सोबत करतो. तो भिक्षू म्हणजे ह्युएनत्संग, आणि सातव्या शतकात तो खरोखरच दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला. शास्त्रीबुवांनी आदरानं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सर, ते खऱ्यात न्हाय.”

एक विनंती. माळशिरसला आलात, तर त्याला ‘गोकू भारी की नारुटो?’ एवढं विचारू नका. 2019 च्या ‘जम्प फोर्स’ गेममध्ये हे दोन वेगळ्या मालिकांचे नायक समोरासमोर आणून झाले, 2022 मध्ये त्या गेमची विक्रीही थांबली, तरी निकाल लागलेला नाही. आणि अकलूजची शेवटची गाडी कुणासाठी थांबत नाही.