जीप नाचायली तर: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

सेलूच्या आसपास डोंगर नाही. डोंगर बघायचा तर जिंतूरकडे जावं लागतं. इथं आहे ती दुधनेच्या काठची काळी जमीन, सपाट, आणि पावसाळ्यात पायातली चप्पल ठेवून घेणारी. अशा ठिकाणी जीप चार इंच उचलून तिला ट्रॅक्टरला शोभतील असे टायर घालणं ही गरज नव्हे, हौस आहे. आणि हौसेला मोल नसतं हे टायरवाल्याला तुमच्या आधी कळलेलं असतं. तेव्हा तुम्ही जुनी एमएम 540 घेतली आहे, कमानपाट्यांच्या शॅकल लांब केल्या आहेत, चाकांच्या डिस्क बाहेरच्या बाजूला काढल्या आहेत, बंपर म्हणून वाड्याचं फाटक बसवलं आहे आणि पाथरी रोडला साठच्या पुढं स्टेअरिंग हातात राहत नाही, असं गृहीत धरून पुढची माहिती दिली आहे.

आधी जीव, मग जीप. खड्ड्यात चाक आपटून पुढचा भाग थयथयाट करू लागला की स्टेअरिंगशी कुस्ती खेळू नका. अंगठे आऱ्यांमध्ये अडकवू नका, उलटा फटका बसला की बोट कामातून जातं. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, करकचून ब्रेक मारू नका, वेग उतरू द्या आणि कडेला घ्या. शेजारी बसलेला मित्र या काळात जे बोलेल ते मनावर घेऊ नका.

यानंतरची पायरी परंपरेने चहाच्या टपरीवर पार पडते. जीप समोर उभी करा आणि नुसतं म्हणा, "लई हालायलीय." तुम्हाला विचारावं लागणार नाही. पंक्चरवाला सांगेल, हवा बघा. अलाइनमेंटवाला सांगेल, अलाइनमेंट. स्पेअर पार्टच्या दुकानातला मुलगा पुढच्या एक्सलचं अख्खं किट सांगेल आणि स्टेअरिंग डॅम्पर दाखवेल, लाल किंवा पिवळ्या रंगात. आयुष्यभर काळी-पिवळी हाकलेला एखादा चाचा म्हणेल, "ह्याला काय करू नको. ऐंशीच्या वर ने, आपोआप थांबतंय." गंमत अशी की या सगळ्यांत चाचा अर्धा बरोबर असतो, आणि त्याच्याकडेच विकायला काही नसतं.

चाचाचं अर्धं बरोबर कसं, तेही समजून घ्या. एका ठराविक वेगाला सुरू होते आणि तो वेग ओलांडला की ओसरते ती थरथर. ती चाकातली असते: बॅलन्सिंग गेलेलं, डिस्क वाकलेली, टायरला फुगवटा आलेला. नुसता ब्रेक दाबल्यावर हादरतं ते ड्रमचं दुखणं. पण खड्डा लागला आणि त्यानंतर गाडी जी नाचू लागली ती जवळजवळ थांबेपर्यंत थांबलीच नाही, तर तो वॉबल. सरकारी दवाखान्यातल्या स्ट्रेचरचं पुढचं चाक घाईत ढकलताना जसं फडफडतं, तसलाच प्रकार. यात चाचाचा उपाय केला तर स्ट्रेचरच लागेल.

हा रोग तुमच्या जीपने शोधलेला नाही. 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या मोटारींना रुंद, कमी हवेचे टायर आले, पुढच्या चाकांना ब्रेक आले, आणि चांगल्या चांगल्या गाड्या पुढून नाचू लागल्या. पुढची दोन्ही चाकं एकाच अखंड एक्सलवर. एक चाक उचललं की एक्सल तिरका होतो आणि दुसरंही कलतं; फिरतं चाक कललं की ते वळू बघतं, आणि ते वळणं टाय रॉडमधून पहिल्या चाकाकडे परत येतं. अशी देवाणघेवाण सुरू झाली की मध्ये बसलेल्याला कोणी विचारत नाही. जनरल मोटर्सने 1934 च्या मॉडेलांपासून पुढची चाकं सुटी केली, त्यामागे हा जाच हे एक मोठं कारण होतं. महिंद्रांनी 1949 मध्ये माझगावला जोडायला घेतलेली विलीज जीप मात्र अखंड एक्सलवरच राहिली, कारण तिला साठच्या पुढं नेण्याची कोणाला घाई नव्हती. तिचे टायरही 6.00-16 चे, अरुंद. रुंद टायरांचा शंभर वर्षांपूर्वीचा तो प्रयोग तुम्ही सेलूत पुन्हा केला आहे, इतकंच.

आता काम. पावसाळा नुकताच सरला असेल तर पाना उचलू नका, छिन्नी घ्या. डिस्कच्या आतल्या बाजूला काळी माती बसते, वाळते, आणि वॉशिंगच्या फवाऱ्याला दाद देत नाही. एका बाजूला अर्धा किलो चिकटली तरी बॅलन्सिंगचे इवलेसे वजनाचे तुकडे काय करणार? खरवडून काढा. मग हवा दोन्हीकडे सारखी करा. मग पुढची चाकं मागे टाका आणि त्याच रस्त्याला त्याच वेगाने जा. हादरा स्टेअरिंगमधून निघून सीटखाली आला तर दोषी चाकं सापडली, खर्च शून्य. ही तपासणी कोणी सुचवत नाही, कारण तिचं बिल करता येत नाही.

हादरा जागचा हलला नाही, तर खाली झोपा. इथं नवशिका हमखास जॅक लावतो. लावू नका. वजन टायरवर असू द्या. एकाला स्टेअरिंगवर बसवा आणि चाक न वळवता चार बोटं डावीकडे, चार बोटं उजवीकडे, असं हलवत राहायला सांगा. त्याने त्या वेळात मोबाइल बघितला तरी चालेल. तुम्ही खालून एकेका सांध्यावर बोटं ठेवा, एक या भागावर, एक त्या भागावर. दोन्ही भाग एकत्र हलले तर सांधा बरा. एक आधी हलला आणि दुसरा मागून आला, तर तो सांधा गेला. तपासायच्या जागा अशा: ड्रॅग लिंक, टाय रॉडची दोन्ही टोकं, स्टेअरिंग बॉक्सचे चेसीवरचे बोल्ट, कमानपाट्यांचे बुश, यू-बोल्ट. डोळ्याला न दिसणारा प्ले बोटाला कळतो. जुन्या विलीज घाटाची जीप असेल तर मध्ये बेल क्रँक असते. तिची पिन झिजलेली असणार, असं धरूनच चाला.

आता जॅक लावा, खाली स्टँड द्या. चाक वर-खाली धरून डोलवा. खुळखुळलं तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा डोलवा. खुळखुळ गेली तर व्हील बेअरिंग, राहिली तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं ती खीळ. एवढ्या एका युक्तीवर मिस्त्री तुमच्याकडे आदराने बघू लागतो, आणि मजुरीही जरा जपून सांगतो. किंगपिनचा इलाज शिममध्ये आहे: पातळ पत्र्याच्या चकत्या कमी-जास्त करून बेअरिंगवर नेमका दाब आणायचा. टाय रॉड सोडवून नकल, म्हणजे किंगपिनवर वळणारा चाकाचा सांधा, हाताने वळवलं तर ते थोडं अडून वळावं. पाळण्यासारखं सैल झुलत असेल तर कितीही टायर बदला, नाच चालूच राहील.

सगळं घट्ट निघालं, तर बोट तुमच्याकडे वळतं. लांब शॅकलने एक्सल फिरतो आणि किंगपिनचा मागे झुकलेला कोन, म्हणजे कास्टर, कमी होतो. विलीजला तो 3 अंश दिलेला होता. चाक आपलं आपण सरळ होतं ते या कोनामुळे. तो गेला की वळण घेतल्यावर स्टेअरिंग परत यायला आळस करतं, हीच खूण. कमानपाटा आणि एक्सल यांच्यामध्ये पाचरीसारखी पट्टी घालून कोन परत आणता येतो. शॅकल मूळच्या बसवल्या तरी येतो. हा दुसरा उपाय स्वस्त आहे, त्यामुळे तो मित्रांना सांगता येत नाही. बाहेर काढलेल्या डिस्कचंही तसंच: चाक जितकं बाहेर, तितका प्रत्येक खड्ड्याला स्टेअरिंगवर जास्त जोर मिळतो.

एमएच-22 ची पाटी असलेल्या गाडीत असले फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये कसे बसतात, हा विषय नवशिक्यांसाठी नाही. तो आरटीओ साहेब समजावून सांगतात, आणि त्यासाठी टपरीवर जावं लागत नाही.

दुरुस्ती झाली की शंभरेक किलोमीटर चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळा. मग त्याच खड्ड्यावरून त्याच वेगाने जा. जीप सरळ निघाली, तर आता खुशाल डॅम्पर लावा. आधी लावला असता तर त्याने रोग झाकला असता, आणि सहा महिन्यांनी तोही गळला असता. लाल की पिवळा, हे तुमचं तुम्ही ठरवा.