चुकलं विमान जुहूत

श्रीमती धावपट्टीबाई, मुक्काम जुहू विमानतळ, यांस
सा. न. वि. वि.

आपल्या खानदानाबद्दल शंका नाही. जुहूत विमानं उतरू लागली ती 1928 पासून. 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून टपाल घेऊन निघालेले जेआरडी टाटा अहमदाबादमार्गे इथेच उतरले. त्यांना पत्ता बिनचूक सापडला, कारण तेव्हा आपल्याला शेजार नव्हता. पुढे रेल्वेरुळांपलीकडे सांताक्रूझचा विमानतळ झाला आणि आपले खरे गुण दिसू लागले.

15 जुलै 1953. बीओएसी कंपनीचं कॉमेट, म्हणजे त्या काळातलं अगदी नव्या नवलाईचं जेट, सांताक्रूझला जायचं ते आपल्या अंगणात उतरलं आणि नऊएक दिवस पाहुणचार घेऊन गेलं. आपल्याला चटक लागली असावी. 24 सप्टेंबर 1972 रोजी जपान एअरलाइन्सचं डीसी-8 आलं. त्याला उतरायचं होतं सांताक्रूझच्या 09 क्रमांकाच्या धावपट्टीवर, ते उतरलं आपल्या 08 वर. आपण संपलात तरी विमान थांबेना. अखेर ते कायमचं मोडीत निघालं. प्राणहानी झाली नाही, याचं श्रेय कृपया आपण घेऊ नये.

अशा वेळी वैमानिकाकडे बोट दाखवून मोकळं व्हायचं, ही रीतच आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी! पण एकोणीस वर्षांच्या अंतराने, वेगळ्या देशांच्या कंपन्यांचे कसलेले वैमानिक एकाच जागी एकच चूक करतात, तेव्हा चुकीचा मुक्काम माणसाच्या डोक्यात नसतो, जागेत असतो. समुद्राकडून येणाऱ्याला आधी आपण दिसता. पडून आहात तीही जवळजवळ शेजारणीच्याच दिशेने. अंगावरचा आकडाही तिच्याहून फक्त एकाने कमी, कारण हे आकडे होकायंत्रावरून ठरतात. ते दिशा सांगतात, गाव सांगत नाहीत. लांबी मात्र तिच्या साधारण एक तृतीयांश, आणि हा फरक कळतो तो चाकं टेकल्यावर!

लंडनवाले आपल्यासारखे मुरलेले नव्हते. 1960 मध्ये पॅन अ‍ॅमचं बोइंग 707 हीथ्रोऐवजी शेजारच्या नॉर्थोल्टला उतरलं. त्यांनी वाटेवरच्या गॅसच्या टाक्यांवर भलीमोठी अक्षरं रंगवली: एकीवर हीथ्रोसाठी 'एलएच', दुसरीवर नॉर्थोल्टसाठी 'एनओ'. वैमानिकांना डोळे तपासून घ्या म्हणण्यापेक्षा रंगाचा डबा स्वस्त पडतो, एवढं त्यांना कळलं.

आता आपल्याकडे मुख्यतः हेलिकॉप्टरं येतात, पण शिष्यशाखा फोफावली आहे. यूपीआयवर भामटे पैसे मागायची विनंती पाठवायचे आणि 'पिन टाका, पैसे मिळतील' म्हणायचे. समोरचा पिन टाकायचा आणि पैसे जायचे. कारण पैसे देतानाही पिन, आणि विनंतीला होकार देतानाही तोच पिन. उपाय म्हणून वर्षानुवर्षं काय मिळालं? 'सावध राहा, पैसे घ्यायला पिन लागत नाही' हा उपदेश. शेवटी ऑक्टोबर 2025 पासून माणसामाणसांतली ती विनंतीच बंद झाली. उपदेशाने जे साधलं नाही, ते वाटच बुजवल्यावर साधेल असं कुणाला तरी सुचलं म्हणायचं.

तरी आपल्या शिष्यांना एवढा निरोप द्यावा. चुकणाऱ्यांची रांग लागली, की पहिल्या चार जणांना खुशाल बावळट म्हणा. पाचव्याच्या वेळी मात्र पाटी बदला.

कळावे. लोभ असावा, पण दुरूनच.

आपला,
'सूचना नीट वाचा' हे ज्याला चुकल्यानंतर सांगितलं जातं, तो