परीक्षक सर

जरीपटक्यात मुलांची चित्रकला स्पर्धा म्हटली की मंडप, माइक आणि सर हे तिघं ठरलेले. पहिले दोघं भाड्यानं येतात. सर नुसत्या चहावर येतात. ड्रॉइंगचे शिक्षक म्हणून निवृत्त झाले त्याला जमाना लोटला, पण त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही. ‘परीक्षक सर’ एवढंच. दूधवाल्याच्या वहीतही तसंच लिहिलंय.

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांनी ही वस्ती शून्यातून उभी केली. त्यामुळे इथे हेमू कालाणीच्या नावाच्या चित्रकला-निबंध स्पर्धेला वेगळाच मान. हेमू सिंधमधल्या सख्खरचा. 1942च्या आंदोलनात इंग्रजांची फौजी गाडी जाणार अशी खबर लागली, तेव्हा रुळाच्या फिशप्लेटा काढायला गेला आणि पकडला गेला. 21 जानेवारी 1943ला त्याला फाशी झाली; वय एकोणीस. जयंती 23 मार्चची, पण तेव्हा घराघरात वार्षिक परीक्षेचा धाक. म्हणून रंगपेट्या पुण्यतिथीलाच बाहेर निघतात. नागपुरातली जानेवारीची सकाळ, आखडलेली बोटं, मफलरीत गुंडाळलेले सर आणि त्यांच्या कानावर खोचलेली सिक्स-बी पेन्सिल.

सरांचं एकच तत्त्व आहे : “स्पर्धा पोट्ट्यांची आहे, मायबापाची नाही.”

पूर्वी चित्रं घरून काढून आणायची मुभा होती. तेव्हा पहिलीतली पोरं असं काही शेडिंग करून आणत की मुंबईच्या जेजेवाल्यांनी तोंडात बोट घालावं. पण सरांपुढे डाळ शिजत नसे, कारण आजच्या निम्म्या आया एकेकाळी त्यांच्याच वर्गात बसलेल्या. कागद उन्हाकडे धरून ते म्हणत, “हे तुझं काम आहे. सातवीतही तू उजेड डावीकडून आणायची आणि सावलीही डावीकडेच पाडायची.”

“सर, कसम से, इसने खुद बनाया है!”

मग सर पोराकडे वळत. “कोणी काढलं रे?”

पोरगा गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. त्याच्याच निबंधात शेवटची ओळ होती की, हेमूने अखेरपर्यंत साथीदारांची नावे सांगितली नाहीत. सरांनी चित्र बाद केलं आणि निबंधाला पैकीच्या पैकी दिले. शेरा : ‘विषय समजून लिहिला आहे.’

बाकीचे निबंध वाचताना त्यांचा लाल पेन तापतो. निम्मे निबंध मोबाइलवरून उतरवलेले असतात. एकानं तर शेवटी ‘अधिक वाचा’ हेसुद्धा सुवाच्य अक्षरात लिहून अधोरेखित केलं होतं. कुणी लिहितं की, 23 मार्चला भगतसिंगांना फाशी झाली म्हणून त्याच दिवशी हेमूनं जन्म घेतला. सर समासात ओरडतात : ‘सन बघ! 1923 आधी येते की 1931?’ निबंध अरबी लिपीतल्या सिंधीत आला की मात्र ते तो दोन-चारदा फिरवून बघतात आणि “अक्षर वळणदार आहे” एवढं बोलून मंडळाच्या म्हाताऱ्या दादांकडे सरकवतात.

पालकांचा बंदोबस्त म्हणून सरांनी स्पर्धा जागच्या जागी घ्यायला लावली. कागदामागे मंडळाचा शिक्का, भोवती दोरी, दोरीपलीकडे आया. एखादी लांबून खुणेनं आकाश कोणत्या रंगाचं ते सांगते; सर मध्ये जाऊन उभे राहतात. दोरीच्या आत मोठ्या माणसाचा हात लागता कामा नये.

फक्त सर हे मोठं माणूस आहेत, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात राहत नाही.

पहिली दहा मिनिटं ते हात मागे बांधून फिरतात. मग एका पोरीपाशी थबकतात. “काय करून राहिली? नाक असं रायते का?” कानावरची पेन्सिल आपोआप हातात उतरते. “हे बघ, हाड इथून निघते, अन् इथं वळते. फक्त दाखवून राहिलो हं. बाकी तुझं तू कर.” तिला करायला बाकी काही उरत नाही. नाकाच्या बाबतीत सर तडजोड करत नाहीत. सरकारनं 1983 साली हेमूचं टपाल तिकीट काढलं होतं, ते त्यांच्या पाकिटात असतं. वाद झाला की ते बाहेर काढतात. तिकिटावरचं नाक दिसायला भिंग लागतं, म्हणून भिंगही असतं.

गाडीपुढे मात्र ते हरतात. प्रत्येक चित्रात इंजिन रुळावरून उडालेलं, डबे उलटेपालटे, इंग्रज हवेत. “अरे बाबा, गाडी पडली नाही. त्याआधीच तो सापडला.”

“पण सर, पडायला पाहिजे होती.”

यावर सरांकडे उत्तर नाही. ‘इतिहास चूक, रंग उत्तम’ असं पुटपुटत ते पुढल्या नाकाकडे जातात.

यंदा एका कोपऱ्यात एका मुलीनं नुसता अंधार रंगवला होता. अंधारात रूळ, रुळावर वाकलेली एक पाठ. सर पेन्सिल सरसावून उभे राहिले.

“नाक कुठं आहे?”

“पलीकडून आहे सर. तो पाना फिरवून राहिला ना.”

सर डावीकडून बघून आले, उजवीकडून बघून आले. पेन्सिल पुन्हा कानावर गेली.

निकालाच्या टेबलावर दालपकवान आलं. दादांनी चित्रं ओळीनं मांडली, चष्मा पुसला आणि दबकत म्हणाले, “सांई, एक ते पाठमोरं चित्र सोडलं, तर सगळी एकाच हातची वाटतात.”

सरांच्या हातातलं पकवान हातातच राहिलं. “एकाच हातची? म्हणजे दोरी ओलांडून कोणी आत शिरलं!” पाठमोऱ्या हेमूला पहिलं बक्षीस लिहून ते तडक चौकशीला बसले. भिंग निघालं, तिकीट निघालं, एकेक नाक तपासून झालं.

“हात ओळखीचा आहे,” शेवटी ते म्हणाले. “माझ्याच हाताखाली शिकलेली कोणी माय असणार. सापडली की खडसावतोच तिला. पण दादा, काहीही म्हणा, नाक काढावं तर हिनंच.”