पांढरं ताट

कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं, असं म्हणतात. हे ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याला स्वतःला कावीळ झालेली नसावी. पिवळे होतात ते डोळे, आणि ते बघायला मिळतात समोरच्याला. ज्याचे असतात त्याला जग आहे तसंच दिसतं, फक्त थोडं पलीकडच्या काठाला गेल्यासारखं. माझ्या बाबतीत तर ते दिवसेंदिवस पांढरं होत गेलं. सकाळी इडली, चटणीविना. दुपारी ताककण्या. चारच्या सुमाराला चुरमुरे, कोरडे. रात्री गुरगुट्या भात, वर मीठ, बाजूला उकडलेल्या दुधीच्या फोडी. आणि हे सगळं पांढऱ्या काचेच्या ताटलीत, कारण स्टीलच्या ताटाच्या वासाने मला मळमळतं अशी घरात कुणीतरी समजूत करून घेतली होती. ताटलीकडे बघितलं की थंडीतल्या पहाटे धुकं पडलेलं असताना रंकाळ्यावर उभं राहिल्यासारखं वाटायचं. समोर काहीतरी आहे एवढं कळतं. कुठे काय संपतं नि कुठे काय सुरू होतं, ते कळत नाही.

आम्ही कोल्हापूरचे. आमच्याकडे अन्नाला रंग असतो आणि तो तांबडा असतो. कांदा-लसणाची चटणी वर्षाची एकदम करून बरणीत भरलेली असते. भाजी असो की आमटी, त्यात चमचाभर चटणी पडल्याशिवाय काही शिजलं असं कुणी मानत नाही. पांढरं म्हणून आम्ही ओळखतो तो फक्त पांढरा रस्सा, आणि तो दिसतो किती गरीब नि पोटात गेल्यावर वागतो कसा, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना विचारावं. पांढरं ते पथ्याचं हाच नियम असेल तर पांढरा रस्साही चालायला हरकत नाही, असा मुद्दा मी एकदा अंथरुणावरून मांडून बघितला. आईने उत्तर दिलं नाही. माझ्या कपाळाला हात लावून ताप वाढलाय का तेवढं बघितलं.

नियम तिचाच होता. काविळीत पिवळं काही पोटात जाऊ द्यायचं नाही, पिवळ्याने पिवळं वाढतं. हळद बंद झाली आणि तिच्याबरोबर आमटी, भाजी, पिठलं, झुणका, सगळी मंडळी एका फटक्यात घराबाहेर गेली. तुरीची डाळ गेली. मुगाची डाळ सालं काढली की पिवळी, सालीसकट हिरवी. म्हणून सालीसकट चालेल असं ठरलं. केळं वरून पिवळं पण आतून पांढरं, तेव्हा मनाने चांगलं. लिंबाचंही तसंच. मोसंबीवर मात्र वाद झाला. ती वरून हिरवी नि आतून पिवळसर. बायकोने तिची बाजू घेतली, आईने खटला तहकूब ठेवला, आणि निकालाची वाट बघत मोसंबी फ्रीजमध्ये सुकून गेली. उसाचा रस हिरवा ठरला. पेला उजेडात धरला तर तो हिरवा आहे असं शपथेवर सांगणं अवघड जाईल. पण काविळीला उसाचा रस हवाच, आणि जी गोष्ट हवीच आहे तिचा रंग वेळेला बदलून घ्यावा लागतो. भडंग हळदीमुळे बाद, त्यातलेच चुरमुरे निर्दोष. सगळ्यांत वाईट म्हणजे दिवस आंब्याचे होते. त्यावर चर्चासुद्धा झाली नाही.

डॉक्टरांनी यातलं अवाक्षर काढलेलं नव्हतं. त्यांनी डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या, रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, "जाईल ते खा. दारू नको, मनाने कुठली गोळी नको. बाकी लिव्हर आपलं आपण बघून घेईल." आई शेजारीच उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "त्यांना कधी कावीळ झालीया व्हय?" एवढ्या मोठ्या वैद्यकशास्त्राकडे याला उत्तर नाही.

पडून राहायला सांगितलेल्या माणसाला वाचायला भरपूर वेळ असतो, आणि तो नेमका स्वतःच्या आजारावर वाचतो. मीही वाचलं. कोरियन युद्धाच्या काळात जपानमधल्या क्योटोला अमेरिकन सैन्याने काविळीच्या सैनिकांसाठी खास व्यवस्था केली होती. तिथे थॉमस चाल्मर्स नावाचे डॉक्टर आणि त्यांचे सहकारी यांनी सैनिकांचे गट पाडले. कुणाला हवं तेवढं खाऊ दिलं, कुणाला आग्रह करकरून भरपूर प्रथिनांचं जेवू घातलं. काहींना अंथरुणाला जखडून ठेवलं, काहींना हिंडूफिरू दिलं. १९५५ साली त्यांनी निष्कर्ष छापले. आग्रहाचं जेवणारे लवकर बरे झाले होते आणि सतत झोपवून ठेवण्याने काही विशेष साधलं नव्हतं. मी हे मोठ्या आशेने आईला वाचून दाखवलं. तिने त्यातलं 'आग्रह करकरून' एवढंच ऐकलं आणि ताटलीत आणखी एक डाव भात वाढला.

मग मी रंगांची उकल करायला घेतली. हळदीचा पिवळा वेगळा, आंब्याचा वेगळा, डोळ्यांतला वेगळा. तिघांचा एकमेकांशी दूरचाही सोयरसंबंध नाही. डोळ्यांतला पिवळा म्हणजे बिलिरुबिन. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, मग मोडतात, आणि त्या मोडीतून हा पिवळा निघतो. एरवी लिव्हर त्याची गुपचूप विल्हेवाट लावत असतं. ते आजारी पडलं की तो अंगभर हिंडत सुटतो. म्हणजे पिवळ्याचं मूळ तांबड्यात आहे. हा शोध मात्र मी स्वतःपाशीच ठेवला. आईला कळता तर कोल्हापुरात राहण्यात काही अर्थच उरला नसता.

कावीळ आली कुठून, याचा तपास घरात स्वतंत्रपणे चालू होता. माझ्या काविळीचा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते सात आठवडे कधीही लागू शकतात, म्हणजे आरोपी धरायचा तर महिना-दीड महिन्यापूर्वीची सगळी जेवणं उभी करून त्यांची ओळखपरेड घ्यावी लागते. बायकोचा संशय ऑफिसातल्या पाण्यावर. धाकट्या भावाचा एका लग्नातल्या मठ्ठ्यावर. आईला पुरावा लागत नाही. मध्यंतरी मी मुंबईला जाऊन आलो होतो, तेवढं तिला पुरलं. माझा स्वतःचा संशय उसाच्या गाड्यावरच्या बर्फावर होता, पण एव्हाना रस औषधात जमा झाला होता, आणि औषधावर आळ घेता येत नाही. आई रोज भर उन्हात स्टीलचा डबा घेऊन जायची, गाडेवाल्याकडून चरक धुऊन घ्यायची, बर्फ न घालता रस काढून आणायची. मशीनच्या घुंगरांचा आवाज खिडकीतून ऐकू आला की मी उठून बसायचो.

या तपासाच्या नादात मला एक रशियन भेटला. १९५५-५६च्या हिवाळ्यात यमुनेवाटे सांडपाणी दिल्लीच्या पिण्याच्या पाण्यात शिरलं आणि सुमारे २९ हजार माणसांना कावीळ झाली. ती नेहमीची नव्हतीच, हे कळायला दोन तपं जावी लागली. पुढे मिखाईल बालायन या शास्त्रज्ञाने हा वेगळा विषाणू पकडण्यासाठी रुग्णांच्या शौचाचा अर्क दह्यात कालवून स्वतः घेतला, रीतसर आजारी पडला, आणि १९८३ साली त्याच्यावरचा निबंध छापून आला. विज्ञानासाठी लोकांनी काय काय खाल्लंय! त्या दिवशी मी दुधीच्या फोडी मुकाट्याने संपवल्या. बालायनची गोष्ट रात्री जेवताना सांगितली तेव्हा भाऊ ताटावरून उठला. आईने फक्त विचारलं, "दही ताजं होतं न्हवं?"

जेवताना सांगितली म्हणजे सगळे बरोबर जेवत होते, आणि खरी गंमत तिथेच होती. पहिल्या आठवड्यात माझं पांढरं वेगळं शिजायचं आणि बाकीच्यांचं तांबडं वेगळं. मग एका रात्री बायकोने माझ्यासमोर भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला आणि तसाच धरून बसली. "अहो, मला नाही खाववत तुमच्यासमोर," म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून रात्रीचं सगळ्यांचंच पांढरं झालं. पाच माणसं, पाच ताटं, सगळीकडे भाताचा तोच ढीग, तोच दुधी, तीच चिमूटभर मिठाची खूण. वाटावं की माझी कावीळ तीर्थप्रसादासारखी थोडी थोडी सगळ्यांनी वाटून घेतली आहे.

एकत्र बसून असं बेचव खाण्यात एक निराळा गोडवा असतो, तो मला तेव्हा कळला. चव नसली की माणसं बोलतात. एरवी आमच्याकडे जेवताना नाकं ओढण्याखेरीज आवाज होत नाही. आता मुलगी शाळेतल्या मास्तरांच्या नकला करायची, भाऊ त्याच्या दुकानातली उधारी सांगायचा. अन्नावरची माझी वासना पार उडालेली होती, चार घास गेले की हात थांबायचा. पण हात थांबला की चारी ताटांवरचे हातही जरा थबकायचे, नि मग मी उगीच पाचवा घास घ्यायचो. पहिल्या आठवड्यात नाहीत एवढे घास त्या बेचव पंगतीत माझ्या पोटात गेले. चाल्मर्ससाहेबांनी आग्रहाचा हा प्रकार मोजला होता की नाही, ते निबंधात नाही.

अर्थात हे व्रत रात्रीपुरतं होतं आणि त्यातही चोरवाटा होत्या. भाऊ बुधवारी उशिरा यायचा, भूक नाही म्हणत दोन घास भात खायचा, आणि त्याच्या ढेकरेत लवंग-दालचिनी असायची. मुलीच्या दप्तरातून भडंगाची पुडी खुसखुस करायची. सगळ्यांत पक्की आई. एका रात्री ती वाकून भात वाढत असताना तिचा उजवा अंगठा माझ्या डोळ्यांसमोर आला. नखाच्या कडेला, कातडीला टेकून, एक बारीक केशरी रेघ होती. पायरी पिळताना कोय धरली की रस नेमका तिथे बसतो; दोनदा साबण लावला तरी जात नाही. मी छताकडे बघत म्हटलं, "यंदा आंबे महाग आहेत का गं?"

"कोण बघतंय आंब्याकडं," आई म्हणाली, आणि अंगठा मुठीत घेतला.

मला राग आला नाही, उलट बरंच वाटलं. लिव्हर आपलं आपण बघून घेणार म्हटल्यावर चार धडधाकट माणसांनी हातावर हात ठेवून करायचं काय? आजारी माणसाला निदान आजारी पडून राहण्याचं काम असतं. बाकीच्यांना काम नव्हतं, म्हणून त्यांनी हळद सोडली. भेटायला येणारेही काहीतरी करायला धडपडत, आणि ते करणंही पांढरंच असे: बत्तासे, शहाळी, ग्लुकोजची पावडर, साळीच्या लाह्या. एका काकूंनी काविळीची माळ आणली. ती डोक्यावर ठेवायची, कावीळ उतरेल तशी ती वाढत गळ्यात येते, मग छातीपर्यंत, मग कमरेपर्यंत. तिच्यातल्या ओल्या काड्या सुकून आकसतात आणि दोरा सैल पडतो, हे मला ठाऊक होतं. तरी मी ती घालून बसलो. काकू रोज येऊन माळ किती लांबली ते बघायच्या आणि इतक्या खूश होऊन जायच्या की काड्या सुकायच्या थांबल्या असत्या तर मला वाईट वाटलं असतं.

लहानपणी मला आजाऱ्याचा हेवा वाटे. धाकट्याला टायफॉइड झाला होता तेव्हा त्याला वेगळी वाटी होती, वेगळा चमचा होता, आणि तापातून उठल्यावर आईने त्याच्यासाठी अळणी काढलं होतं. मटण शिजताना तिखट पडायच्या आधी वरचं पाणी काढून घ्यायचं, त्यात थोडं मीठ, थोडी मिरपूड. ती पितळी वाटी दोन्ही हातांत धरून तो हळूहळू प्यायचा, आणि मी दाराच्या चौकटीला टेकून, माझी प्रकृती किती उत्तम आहे या विचाराने खिन्न व्हायचो. आता माझी पाळी आली होती, पण अळण्यात हळद असते. आमच्या गावातल्या आजारातून उठण्याच्या सगळ्या वाटा हळदीवरून जातात, आणि मी नेमका तोच आजार निवडला होता.

भूक परत आली ती शेजारच्या फोडणीतून. दुपारची वेळ, खिडकी उघडी, आणि कुणाच्या तरी कढईत लसूण पडला. तोवर ज्या वासाने पोटात ढवळायचं, त्याच वासाने तोंडाला पाणी सुटलं. मी हाक मारून सांगितलं तर बायको स्वयंपाकघरातून पळत आली. मला वाटतं बिलिरुबिन उतरल्याच्या रिपोर्टनेसुद्धा तिला एवढा आनंद झाला नसेल. पुढे हळद आली, मग तूप, मग एका रविवारी मटण. तांबडं पहिल्यांदा ताटात आलं तेव्हा ते इतकं भडक वाटलं की आपण रोज हे खात होतो यावर विश्वास बसेना. आंबे तोवर संपले होते.

आता रात्रीची ताटं पुन्हा पूर्वीसारखी झाली आहेत, एक सोडून. आईने गुरगुट्या भात काही सोडला नाही. "तुझ्यापायी लागली सवय," म्हणते. तिच्या दातांचं बरंच काही तिने आम्हाला सांगितलेलं नाही, हे आम्हाला आता कळतं. पण अडचण अशी झाली आहे, की तिखटाचे चार घास झाले की पहिल्यांदा माझा हात तिच्या पातेल्याकडे जातो, मग मुलीचा, मग भावाचा, आणि तिच्यापुरता म्हणून केलेला तो भात तिच्यापर्यंत पोचेपर्यंत संपत आलेला असतो. "मुडद्यांनो, आता काय आजार झालाय तुम्हाला?" असं म्हणत ती उरलेलं पातेलं नातीकडे सारते, रश्श्याची वाटी स्वतःकडे ओढते आणि त्यात भाकरी कुस्करायला घेते. "कट घाल जरा वरनं," बायकोला सांगते.