मंडईतल्या वारसा-फेरीवाल्यास पत्र



परवा कुंडलहून निघून किर्लोस्करवाडीला गाडीत बसून पुण्याला आलो आणि मंडईत तुमच्या वारसा-फेरीच्या घोळक्यामागं फुकट हिंडलो. ज्ञान इतकं मिळालं की अजून पचलेलं नाही. गॉथिक कमानी, अष्टकोनी मनोरा, सगळं झकास. पाहुण्यांनी भाजीवाल्या मावशींना "जरा हसा ना" म्हणून फोटो काढले, मेथीची एक जुडी कुणी घेतली नाही. जाऊ द्या.

पण तुम्ही म्हणालात, "ही मंडई महात्मा फुल्यांनी शेतकऱ्यांसाठी बांधली."

वा! अहो, जोतीराव १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि या इमारतीच्या खर्चालाच त्यांचा विरोध होता. पैसा आहे तर शिक्षणावर घाला, एवढंच त्यांचं म्हणणं. ऐकलं कुणी? शनिवारवाड्यापुढं भरणारा बाजार हलवून १८८६ साली ही मंडई उघडली, ती गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावानं. फुल्यांच्या नावाची पाटी लागली, ती ते गेल्यावर कितीतरी वर्षांनी. ज्या खर्चाला ते नको म्हणत होते, त्याच खर्चाचं पुण्य तुम्ही त्यांच्या पदरात घातलंत! १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्याच्या पदरात! आमचं कुंडल म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं ठाणं, आणि नाना फुल्यांच्याच सत्यशोधक चळवळीत घडलेले. तिथला माणूस हे ऐकून गप्प बसेल? तिकीट लावून खोटं सांगणं ही फसवणूक आहे, दुसरं काही नाही.

पण आणखी एक पाहिलं: तुमचे पाहुणे द्राक्षाच्या घडातून मधलेच मणी ओढून चाखत होते. तुम्ही मात्र घड देठाला धरून उचललात, मण्याला बोटसुद्धा लागू दिलं नाहीत. ही सवय बागेत वाढल्याशिवाय लागत नाही. खरं सांग पोरा, बाग कुठली, तासगावची की आमच्या पलूसची? फवारणीच्या औषधांची उधारी फिटेना म्हणून पुणं गाठलंस का? मग ज्या कागदावरून तू ते फुल्यांचं बोललास, तो तुझा नव्हे. पाठ करायला कुणीतरी हातात दिला असणार, आणि त्यानं 'असूड' उघडूनही पाहिलेला नाही.

पुढच्या फेरीला तो कागद खिशात राहू दे. पाटीखाली उभं राहून सांग, की हे नाव ज्याचं आहे त्यानं इथल्या पैशाच्या शाळा मागितल्या होत्या. आणि पाहुण्यांना बजाव: मणी तोडला, की अख्खा घड विकत घ्यायचा.