शांतता राखा, कूलर बोलतो आहे

नागराज मंजुळेंचा 'झुंड' नागपुरात चित्रित झाला, २०२२मध्ये प्रदर्शित झाला आणि आमच्या ओळखीत घरटी एक दिग्दर्शक निघाला. कॅमेरा मोबाइलमध्ये असतोच, नट मित्रमंडळीत सापडतात. उरतो तो आवाज. ज्याला अभिनय येत नाही आणि नाही म्हणताही येत नाही, त्याच्या हाती बूमचा दांडा देतात. अशा रीतीनं मी ध्वनिमुद्रक झालो.

स्थळ अजनी, महिना मे, पारा पंचेचाळीसच्या घरात. नायक नायिकेला म्हणतो, "मी जातो." खिडकीतला कूलर त्याच्याहून मोठ्यानं काहीतरी म्हणतो. मी कूलर बंद करायला लावतो आणि युनिटमधला एकमेव शत्रू ठरतो.

कूलर थांबला की फ्रिज ऐकू येतो. त्याचाही प्लग काढायचा आणि स्कूटीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय कुणी घरी जात नाही. साउंडवाल्यांची ही जुनी युक्ती. मग भंगारवाल्याचा भोंगा, कोकिळा, सोनेगावहून उडालेलं विमान. सगळं शमल्यावर स्वयंपाकघरातून घरमालकीण काकू विचारतात, "काऊन रे, शूटिंग होऊन राहिली का झोपून राहिले सगळे?" हा संपूर्ण चित्रपटातला सर्वात स्वच्छ मुद्रित झालेला संवाद.

"रात्री करू," दिग्दर्शक म्हणतो. कल्पनेला परंपरा आहे. 'आलमआरा' हा आपला पहिला बोलपट १९३१चा. अर्देशिर इराणींच्या स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून त्यांनी बरंचसं चित्रीकरण रात्री गाड्या थांबल्यावर उरकलं आणि माईक नटांच्या आसपास लपवले. अजनीच्या गाड्या रात्रीही थांबत नाहीत. त्यात लग्नसराई. नायिका रडायला लागली की कोपऱ्यावरची वरात नाचायला लागते.

महागडा माईक आणला तर प्रश्न सुटेल, असं दिग्दर्शकाला वाटतं. तोंडापासून माईकचं अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलनं उतरतो. कूलर मात्र आहे तिथेच, आहे तेवढाच. त्यामुळे कॅमेऱ्यावर बसवलेल्या भारी माईकपेक्षा नटाच्या कॉलरला लावलेला स्वस्त माईक बरा. चकचकीत टाइल्सच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून काकूंच्या गाद्या-रजया भिंतींना टांगायच्या. मे महिन्यात, कूलर बंद, रजयांच्या खोलीत नायक "किती गारवा आहे गं!" म्हणतो. राष्ट्रीय पुरस्कार याला द्यायला हवा.

शेवटी खोलीची नुसती शांतता मुद्रित करावी लागते, संकलनात जोडांखाली अंथरायला. मी जाहीर करतो, "तीस सेकंद कोणी बोलायचं नाही." लगेच कोणीतरी विचारतं, "काऊन?"

"नंतर सॉफ्टवेअरनं काढून टाकू," हे दिग्दर्शकाचं ब्रह्मवाक्य. सॉफ्टवेअर कूलर काढतं, पण जाताना नायकाच्या आवाजातलाही वाटा घेऊन जातं. नायक मग बोअरवेलमधून बोलल्यासारखा ऐकू येतो.

तेव्हा नवोदित दिग्दर्शकहो, माईक भाड्यानं मिळतो, रजया शेजारी देतात, शांतता कोणी देत नाही. पैसे नसतील तर निदान पंचांग बघा. लग्नाची तिथी नसलेला जानेवारीचा दिवस धरा आणि मे महिन्यात पटकथा लिहा. कूलर लावून.