परतीचे तिकीट

परदेशातून पत्र लिहिणाऱ्याने उत्तराचाही टपालखर्च आगाऊ भरून ठेवावा यासाठी जी सोय आहे तिला इंटरनॅशनल रिप्लाय कूपन असे म्हणतात. हे कूपन म्हणजे एक छापील कागद असून, तो ज्याच्या हाती पडेल त्याने आपल्या देशातील टपाल कचेरीत द्यावा आणि त्याच्या बदल्यात किमान वजनाचे हवाई पत्र परदेशी धाडण्यास पुरतील इतकी तिकिटे घ्यावीत, अशी ही योजना आहे. जागतिक टपाल संघाच्या रोम येथील अधिवेशनात ती १९०६ साली मंजूर झाली व पुढील वर्षी अमलात आली. तिची गरज समजण्यास फार विद्वत्ता लागत नाही. न्यू जर्सीतील पुतण्याने गिरगावातील काकांच्या सोयीसाठी आपला पत्ता घातलेल्या पाकिटाला अमेरिकेचे तिकीट चिकटवून पाठवले, तर ते तिकीट गिरगावच्या टपालपेटीत चालत नाही. घरातील शाळकरी मुलगा ते बशीभर पाण्यात भिजवून सोडवतो आणि वहीत लावतो, एवढेच त्याचे भारतातील चलन.

या सोयीच्या मुळाशी असलेला पेच मात्र अधिक जुना आहे. १८७४ साली बर्न येथे टपाल संघ स्थापन झाला (हिंदुस्थान त्यात १८७६ साली सामील झाला), तेव्हा ज्या देशात तिकीट विकले गेले त्यानेच पैसे ठेवावेत, पत्र पोचवणाऱ्या देशाने त्यातला वाटा मागू नये, असे ठरले. कारण प्रत्येक पत्राला उत्तर येतेच, म्हणून जाणारी व येणारी पत्रे सरासरीने सारखीच भरतील, असे गृहीत धरलेले होते. चाळीत एक दिवसही न राहता या मुत्सद्द्यांना चाळीचेच अर्थशास्त्र सापडले होते, असे म्हणावे लागते. शेजारून आलेली वाटी रिकामी परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, हा तो नियम होय. अडचण इतकीच की वाटी ओट्यावर दिसत राहते आणि पत्र उशीखाली जाते. १९०६चे कूपन ही एका अर्थी संघाने दिलेली कबुलीच होती, आणि १९६९ साली टोकियो येथे तर आवकजावकीतील तफावतीची भरपाई देण्याचेही संघाने मान्य केले.

परळ-लालबागच्या गिरणीकामगाराला या तात्त्विक वादाची झळ पोचली नाही, कारण त्याच्या मनिऑर्डरीच्या फॉर्मलाच परतीचा कागद जोडलेला असे. कोकणातील घरी पैसे मिळाले की सही वा अंगठा घेऊन तो कागद मुंबईस परत येई. त्याला पोच म्हणत. आगाऊ पैसे भरून मिळणाऱ्या उत्तरांत इतके खात्रीचे उत्तर दुसरे नसावे; मात्र त्यात अंगठ्यापलीकडे मजकूर नसे, आणि बऱ्याच जणांना तो पुरेसा होई.

मराठी लेखकांचा अनुभव निराळा. नियतकालिकांच्या सूचनेनुसार साहित्य परत हवे असल्यास पुरेशी तिकिटे लावलेले पाकीट सोबत जोडावे लागे, म्हणजे नकार लेखकाच्याच खर्चाने घरपोच येई. त्या चिठ्ठीवरील ‘साभार परत’ या शब्दांतील आभार बहुधा तिकिटांबद्दलचे असावेत. परदेशस्थ कवीला हीच सोय कूपनाच्या रूपाने करावी लागणार, म्हणजे त्याचा नकार समुद्र ओलांडून येणार आणि तोही हवाई दराने.

कूपनाचा खरा चाहता ठरला तो चार्ल्स पाँझी, ज्याने १९२० साली बोस्टन येथे, चलन घसरलेल्या देशांतून स्वस्तात कूपने आणून अमेरिकेत महाग तिकिटांत बदलू, आणि पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफा देऊ, असे सांगून लोकांचे पैसे गोळा केले. प्रत्यक्षात नव्यांच्या पैशातून जुन्यांना नफा वाटला जात होता. दादरच्या भिशीत निदान पाळी कोणाची, हे सर्वांना माहीत असते.

संघाच्या नियमाप्रमाणे कूपने विकणे प्रत्येक देशाच्या मर्जीवर असले तरी ती बदलून देणे सर्वांना बंधनकारक आहे. टपालखात्यावर असलेले हे बंधन काकांवर मात्र नाही. शिवाय कूपनाची मजल वीस ग्रॅमपर्यंतच असल्याने, वर्तमानपत्रातील कात्रण, अंगाऱ्याची पुडी आणि लग्नाची पत्रिका यांसह उत्तर लिहायचे तर वरचा खर्च घरचाच, असा विचार होऊन उत्तर लांबते. मिळालेली तिकिटे तोवर कोकणातील आमंत्रणांना चिकटवली जातात. नंतर न्यू जर्सीहून दुसरे पत्र येते, ज्यात पहिले कूपन मिळाले की नाही हे कळवावे, अशी विनंती असून त्यासाठी आणखी एक कूपन जोडलेले असते.